सुधाकरच्या कोपरावर चट्टा असता तर

डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांदेखत केसपेपरवर लिहिलं, 'मद्यपान : नाही'. मीच तसं सांगितलं होतं. आदल्या रविवारी शहाद्याबाहेरच्या एका ढाब्यावर दोघा मित्रांबरोबर बसून मी एक क्वार्टर संपवली होती. तरी 'दारू घेता का?' या प्रश्नावर तोंडातून 'नाही' इतकं सहज निघालं, की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. शेजारी आत्या बसली होती हे एक कारण. पण ती नसती तरी मी तेच म्हणालो असतो.

मला सोरायसिस आहे. अकरावीत सुरू झाला. आधी डोक्यात; कोंडा समजून दोन वर्षं शाम्पू बदलले. मग कोपरांवर, गुडघ्यांवर, कमरेवर लाल चट्टे आणि त्यांवर चांदीच्या वर्खासारखे पापुद्रे. एरवी कातडीच्या पेशी खालून वर येऊन गळून पडायला महिनाभर घेतात. सोरायसिसमध्ये शरीराचीच प्रतिकारयंत्रणा त्यांना अशी हाकलत सुटते, की तोच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. जुन्या पेशी गळायच्या आत नव्या हजर, म्हणून थरावर थर. स्पर्शानं पसरत नाही. हे शेवटचं वाक्य मी आजवर जितक्या वेळा उच्चारलंय, तितक्या वेळा स्वतःचं नावही उच्चारलं नसेल. खुर्चीवरून उठवणाऱ्या न्हाव्याला, होस्टेलच्या रूममेटला, चुलतभावाच्या हळदीला जमलेल्या बायकांना. त्या हळदीत सगळे बनियनवर होते आणि मी मे महिन्यातल्या शहाद्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून मांडवाच्या मागे गेलो. मांडवाच्या मागे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. तिथं कोणी शर्ट काढायला सांगत नाही. माझा पहिला ग्लास तिथला.

एमएला मराठी होतं आणि अभ्यासक्रमात 'एकच प्याला'. कोपरांना मलम चोपडून, त्यावर प्लास्टिक गुंडाळून मी ते वाचलं, त्यामुळे माझं वाचन तटस्थ होतं असा दावा करत नाही. गडकरी जानेवारी १९१९मध्ये गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक रंगभूमीवर आणलं. तेव्हापासून मराठी माणसाच्या डोक्यातला दारुडा म्हणजे सुधाकर. ज्यांनी नाटक वाचलेलं नाही, पाहिलेलं नाही, त्यांनाही शेवट ठाऊक असतो: मूल गेलं, सिंधू गेली, सुधाकरनं विष घेतलं. नाव तर आता बसायला बोलावतानाचा विनोद झालंय. 'चल, एकच प्याला!'

मी नाटकात सुधाकरचं शरीर शोधत होतो. शरीर येतं, पण ते शेवटचं बिल म्हणून येतं. तळीराम अंथरुणाला खिळतो, त्याच्या उशाशी डॉक्टर आणि वैद्य भांडतात, आपण हसतो. सुधाकर स्वतः व्यसनाच्या पायऱ्या समजावून सांगतो, आणि ते भाषण आजच्या कुठल्याही व्यसनमुक्ती केंद्राच्या भिंतीवर लावावं इतकं नेमकं आहे. मात्र या नाटकात दारू माणसाच्या घराचं काय करते हे जितकं दिसतं, तितकं ती त्याच्या अंगाचं काय करते हे दिसत नाही. मराठीत नंतर जे दारुडे आले त्यांचंही बहुतेक असंच. त्यांना बायको असते, कर्ज असतं, फार तर लिव्हर असतं. कातडी नसते.

हे मी एमएच्या निबंधात लिहिलं आणि मला बरे मार्क मिळाले. आज वाटतं, मी अर्धंच वाचलं होतं. पहिला अंक मी घाईत उलटला होता, कारण शेवट माहीत होता. पहिल्या अंकात काय होतं? सुधाकर हुशार वकील. मुन्सफाशी कोर्टात खटका उडतो, सनद काही काळासाठी रद्द होते. अपमान. गावभर तोंड दाखवायची लाज. आणि नेमक्या त्या वेळी तळीराम सांगतो, की एवढा एकच घ्या, विसरायला होईल. गडकऱ्यांनी पहिला प्याला चैनीतून, कुसंगतीतून किंवा जिभेच्या चोचल्यातून आणलेला नाही. तो चारचौघांत झालेल्या अपमानातून आणला. शंभर वर्षं आपण पाचव्या अंकाला रडलो आणि पहिला अंक विसरलो. सुधाकरच्या कोपरावर एखादा चट्टा असता, तर तो पहिला अंक मला पहिल्याच वाचनात समजला असता.

आता थोडे आकडे, कारण भावनांवर माझाही फार भरवसा नाही. १९९०मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये फिनलंडमधला एक अभ्यास छापून आला. सोरायसिस झालेले १४४ पुरुष आणि त्वचेचे दुसरे आजार असलेले २८५ पुरुष, सगळे १९ ते ५० वयाचे. चट्टे उठण्यापूर्वीच्या वर्षात सोरायसिसवाले दिवसाला सरासरी ४३ ग्रॅम अल्कोहोल पीत होते, दुसरा गट २१ ग्रॅम. ग्रॅममध्ये कोणी पीत नाही, म्हणून हिशेब करून सांगतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या ६० मिलीच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे रोजचा एक पेग आणि रोजचे दोन, एवढा फरक. आपली क्वार्टर साठ ग्रॅमची.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या नर्सेसचा, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेला. ८२ हजारांहून अधिक स्त्रिया, १४ वर्षं पाठपुरावा. त्यात जास्त पिणाऱ्यांना सोरायसिस होण्याचं प्रमाण जास्त दिसलंच, पण दारूचे प्रकार वेगळे काढल्यावर संबंध ठळकपणे उरला तो साध्या बीअरशी. वाइन, हलकी बीअर, व्हिस्की-रम यांच्याशी तसा दिसला नाही. म्हणून व्हिस्की प्या, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. पण 'बीअर म्हणजे काय दारू असते का?' हे वाक्य आपल्या वयाच्या मुलांच्या तोंडी किती सहज असतं, ते मला माहीत आहे. मी ते स्वतः वापरलंय.

आणि तिसरा, २०१७चा, ब्रिटनमधला. सोरायसिस असलेले ५५ हजारांवर लोक आणि नसलेले साडेआठ लाख. दारूशी थेट जोडलेल्या कारणांनी मृत्यू होण्याचा धोका सोरायसिसवाल्यांत दीडपटीहून जास्त, आणि त्यातले बहुतेक मृत्यू दारूनं बिघडलेल्या यकृताचे. हे तिन्ही कागद शेजारी ठेवले की एक वर्तुळ दिसतं. दारू शरीरातला दाह वाढवते, चट्टे चिघळतात. चट्ट्यांमुळे माणूस लोकांतून उठतो, मांडवाच्या मागे जातो, पितो. मग गोळ्या चुकतात, मलम लावायचा कंटाळा येतो, चट्टे आणखी चिघळतात. या वर्तुळाला कुठूनही आत शिरता येतं. काही जण दारूकडून शिरतात, काही चट्ट्याकडून. आपल्या गोष्टी मात्र फक्त दारूकडून सुरू होतात.

उलट बाजूनंही बघायला हवं: कातडीच्या गोष्टींत दारू येते का? त्वचेवर मराठीत केलेलं गंभीर काम म्हणून मला पहिल्यांदा आठवतो 'नितळ' हा २००६चा सिनेमा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. नीरजा डॉक्टर आहे, तिच्या अंगावर कोड आहे, ती एका घरात पाहुणी म्हणून जाते आणि त्या सुशिक्षित घराचे एकेक पापुद्रे सुटत जातात. देविका दफ्तरदार त्यात इतक्या शांतपणे वावरते, की पाहणाऱ्याला आपल्याच नजरेची लाज वाटावी. मला हा सिनेमा आवडतो, मी तो घरच्यांना बसवून दाखवला, आणि आईनं त्यानंतर पहिल्यांदा माझ्या चट्ट्यांना 'ते' न म्हणता त्यांचं नाव घेतलं. पण तो संपल्यावर माझ्या मनात एक कुरकुर राहिली. नीरजा हुशार आहे, संयमी आहे, लोकांच्या कामी येणारी आहे, तिचं काहीच चुकत नाही. तिला स्वीकारणं अवघड का जातं हे सिनेमा विचारतो, आणि विचारायलाच हवं. कोडाचा आणि दारूचा तर तसा संबंधही नाही. पण नीरजाऐवजी तिथं एखादा चिडका, दर रविवारी पिणारा, मलम न लावणारा मुलगा आला असता तर? आपल्याकडे त्वचारोग्याला सहानुभूती मिळते ती त्यानं निर्दोष असण्याच्या अटीवर. आणि दारुड्याला मिळते ती मेल्यावर.

ही अट फार जुनी आहे. चरकसंहितेत कुष्ठाच्या कारणांमध्ये विरुद्ध आहाराच्या जोडीला पापकर्म आणि गुरुजनांचा अवमानही मोजलेला आहे. कुष्ठ या एका शब्दात तेव्हा त्वचेचे कितीतरी आजार येत, सोरायसिससारखेही असणार. म्हणजे अंगावर उठलं की आधी विचारायचं, 'काय केलं होतंस?' आमच्याकडे अहिराणीत प्रश्न एवढाच असतो, 'हाई काय शे?' शब्द साधे आहेत, पण विचारणाऱ्याच्या भुवया चरकापर्यंत जातात.

आत्या मला डॉक्टरांकडे नेण्याआधी उनपदेवला घेऊन गेली होती. शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी दऱ्याजवळ गरम पाण्याचा झरा आहे, त्यात आंघोळ केली की कातडीचं दुखणं जातं अशी श्रद्धा. कोमट पाण्यानं पापुद्रे मऊ पडतात, खाज थांबते, हे खरंच आहे. त्या संध्याकाळी मला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली. पण आत्यानं पाण्यात उतरण्यापूर्वी हात जोडून एक गोष्ट पुटपुटली, ती मी ऐकली. 'ह्याची दारू सुटू दे.' तिला माहीत होतं तर. म्हणजे डॉक्टरांच्या टेबलाशी आम्ही दोघंही खोटं बोललो. मी तोंडानं, ती गप्प राहून.

कातडी आणि दारू यांची गाठ या भागात माझ्या जन्माच्या कितीतरी आधी पडलेली आहे. मराठीत 'देवी येणं' म्हणजे काय हे जुन्या माणसांना विचारा. १९२२मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये देवीचा रोग टळावा म्हणून एक अनुष्ठान सुरू झालं. ते डोंगर चढलं, आदिवासी गावांतून फिरत फिरत आमच्या नवापूरला लागून असलेल्या दक्षिण गुजरातेत पोचलं, आणि तोवर देवीचं बोलणं बदललं होतं. दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या दुकानदारांकडे कामाला जाऊ नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. अंगावर फोड उठवणारी देवी दारूबंदीची देवी झाली, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ छताकडे बघत बसलो होतो.

पुढे तळोदा तालुक्यात मोरवडला गुला महाराजांनी आरती सुरू केली. १९३८चा सुमार. हजारो आदिवासी जमायचे, दारू सोडायची शपथ घ्यायचे. आणि सत्तरच्या दशकात शहाद्यात श्रमिक संघटनेचं आंदोलन उभं राहिलं, तेव्हा भिल्ल बायकांनी गावोगावी दारूचे अड्डे गाठून मडकी फोडली. या तिन्ही वेळांना प्रश्न केवळ नशेचा नव्हता. दारूच्या उधारीत जमीन जात होती, मजुरी जात होती, घरी आल्यावर मार बसत होता. मडकं फोडणाऱ्या बाईला कोणी 'अपमानातून पिणाऱ्या पुरुषाला समजून घे' असं ऐकवायला गेलं असतं, तर तिनं दुसरं मडकं त्याच्या डोक्यात घातलं असतं, आणि बरोबर केलं असतं. म्हणून माझ्या वर्तुळाच्या सिद्धांताला इथं मी स्वतःच आवर घालतो. माझ्या 'नाही'ची किंमत मी एकटा मोजत होतो. त्यांच्या घरात ती सगळे मोजत होते.

तरी एक गोष्ट खटकते. दारू सोड आणि आंघोळ कर, हे दोन आदेश एका दमात दिले की दारू पिणारा 'घाण' ठरतो, आणि ज्याचं अंग आंघोळीनंही स्वच्छ दिसत नाही त्याच्याबद्दल लोक आपोआप उलटा हिशेब मांडतात. माझ्या रूममेटनं तेच केलं होतं. त्याला माझे चट्टे दिसले आणि त्यानं विचारलं, 'पितो का रे तू?' तेव्हा मी पीत नव्हतो.

मोहाबद्दल लिहिणाऱ्या बाहेरच्या लेखकांचं तर विचारूच नका. सातपुड्यावरचा लेख असला की पहिल्या परिच्छेदात मोह फुलतो आणि दुसऱ्यात आदिवासी झिंगतो. याहामोगीच्या पूजेत मोहाची धार जमिनीवर सोडली जाते, तिथं दारू आधी देवाची आणि पूर्वजांची असते, हे त्या लेखात येत नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, एकाच फलाटावर एका टोकाला दारूबंदी आणि दुसऱ्या टोकाला नाही, आणि सीमेपलीकडून इकडे 'बसायला' येणाऱ्या गाड्या कुणाच्या असतात, हेही येत नाही. झिंगलेला आदिवासी वर्णनाला बरा पडतो. गाडीतला माणूस वर्णनात बसत नाही, कारण लेखक बहुधा त्याच्याच शेजारच्या सीटवर असतो.

मला हवा तसा त्वचारोगी शेवटी सापडला तो परक्या भाषेत. डेनिस पॉटर या ब्रिटिश नाटककाराची 'द सिंगिंग डिटेक्टिव्ह' ही बीबीसीची १९८६ची सहा भागांची मालिका. पॉटरला स्वतःला सोरायसिस आणि त्यातून येणारा संधिवात होता. त्याचा नायक मार्लो दवाखान्याच्या खाटेवर पडलेला, सगळं अंग सोललेलं, हातात पेन धरता येत नाही. आणि तो भला माणूस अजिबात नाही. कडवट, संशयी, बायकोबद्दल घाणेरडं बोलणारा, नर्सवर खेकसणारा. मालिका त्याला माफ करत नाही, आणि टाकूनही देत नाही. मी मोबाइलवर पाहताना तिसऱ्या भागाला थांबलो, कारण चट्टे खाजवायला लागले होते. जॉन अपडाइकनं सोरायसिसवर लिहिलेला निबंध त्यामानानं सभ्य आहे. आपण लवकर लग्न का केलं, समुद्रकाठच्या गावी का राहिलो, लेखक का झालो, या सगळ्याचा धागा तो कातडीकडे नेतो. लोकांसमोर उभं न राहता करता येईल असं काम हवं होतं, हे त्याचं कारण मला जसंच्या तसं पटलं. मीही हे अंथरुणात, फुल बाह्यांत लिहितोय. पण अपडाइक वाचून मला धीर आला आणि पॉटर पाहून माझी बोबडी वळली. मराठीत मला पॉटरसारखं काहीतरी हवंय.

आता त्या केसपेपरकडे. 'मद्यपान : नाही' असं लिहून डॉक्टरांनी मला मेथोट्रेक्सेट सुरू केलं होतं. स्वस्त गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतते. काम करते. तीन महिन्यांत कोपरं जवळजवळ नितळ झाली, मी पहिल्यांदा हाफ शर्ट घेतला. पण ती गोळी यकृताला जड, आणि दारूबरोबर तर दोघी मिळून यकृतावर बसतात. म्हणून दर काही आठवड्यांनी रक्त तपासतात. मी रविवार सोडला नव्हता. हाफ शर्टात तर ढाब्यावर जाणं आणखी सोपं झालं होतं.

तिसऱ्या रिपोर्टमध्ये एसजीपीटीचा आकडा चढलेला आला. डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवून रिपोर्ट बघत राहिले. गोळी सोसत नाही असं दिसतंय, म्हणाले, बंद करावी लागेल. पुढची जी इंजेक्शनं त्यांनी सांगितली, त्यांची किंमत ऐकून आत्या उठून बाहेर पाण्याच्या फिल्टरपाशी गेली. मला त्या दोन मिनिटांत कळलं, की माझं एक 'नाही' केसपेपरवर बसून माझ्यावर चालणारं एकमेव परवडणारं औषध घालवतंय, आणि डॉक्टर त्या कागदावर विश्वास ठेवून अगदी बरोबर निर्णय घेतायत.

'सर, मी घेतो,' म्हणालो.

मला सुधाकरवरचं भाषण अपेक्षित होतं. ते आलं नाही. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि विचारलं, 'किती?'

हा प्रश्न मला कोणी कधी विचारलाच नव्हता. न्हाव्यानं नाही, घरानं नाही, वाचलेल्या कुठल्या पुस्तकानंही नाही. मी बोटांवर मोजायला लागलो. रविवारी एक क्वार्टर, मध्ये कुणाचा वाढदिवस असला तर बीअर, हळदी-लग्नाच्या मोसमात धरबंध नाही. ते लिहीत गेले. मग म्हणाले, दारू पूर्ण बंद, गोळी सध्या थांबवू, महिन्यानं रक्त बघू, आकडा उतरला तर पुन्हा हीच सुरू करता येते का पाहू. आणि पहिल्या पानावरच्या 'नाही'वर त्यांनी आडवी रेघ मारली.

आत्या दाराशी येऊन उभी होती. रेघ तिला दिसली की नाही, कोण जाणे. रिक्षात बसल्यावर तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली आणि विचारलं, 'काय म्हणाले?'